कोपऱ्यावरचं घरटं

"उपम्यात मीठ कमी आहे," वृषालीताई म्हणाल्या.

"मग पिशवीतलं लोणचं काढ की," प्रदीप दाभोळे म्हणाले. "मला काय सांगतीस? मी काय येऊन मीठ घालणार आहे?"

वृषालीताई हसल्या आणि त्यांनी खरंच लोणच्याची बाटली काढली. जहाजाच्या भोजनगृहातल्या वाढप्याने त्यांच्या टेबलावरची दुसरी ताटली न विचारताच उचलून नेली. दाभोळे बाई नाश्त्याला एकट्याच असतात आणि तरीही बोलत असतात, हे एव्हाना त्याला ठाऊक झालं होतं. त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. प्रदीप दाभोळे वारून दोन वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज वृषालीताईंच्या उजव्या कानातल्या वाटाण्याएवढ्या यंत्रातून येत होता.

या यंत्राला लोक पडसाद म्हणत. गेलेल्या माणसाचे जुने फोन, निरोप, लग्नामुंजींच्या चित्रफिती त्याला ऐकवायच्या. त्यातून ते आवाज शिके, शब्दांची निवड शिके, कुठे थांबायचं आणि कुठे टोमणा मारायचा तेही शिके, आणि मग त्या माणसासारखं बोलू लागे. बहुतेकांनी ते तयार घेतलेलं असे. वृषालीताईंसाठी मात्र त्यांच्या लेकीने, शर्वरीने, ते स्वतः बांधलं होतं. शर्वरी ध्वनिशास्त्र शिकलेली आणि याच जहाजावर नोकरीला होती. हंगामातून एकदा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पाहुणे म्हणून आणता येई, म्हणून इचलकरंजीच्या वृषालीताई दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, जहाजावरच्या गरम पाण्याच्या तळ्याशेजारी बसून उपमा खात होत्या.

खिडकीबाहेरून एक हिमनग सरकत गेला. नगरपालिकेच्या इमारतीएवढा असेल.

"वहिनी, भाऊंना विचारा की," पलीकडच्या टेबलावरून मगदूमकाका ओरडले, "आज पेंग्विन दाखवणार का नुसताच बर्फ? बर्फच बघायचा तर आमच्या जयसिंगपुरात गोळेवाला काय वाईट होता?"

मगदूमकाकांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. ते आणि त्यांची पत्नी कोल्हापूर-सांगलीकडच्या पन्नासेक जणांच्या सहलीतून आले होते. त्या सहलीने जहाजाच्या स्वयंपाकघरालाही पिठलं शिकवलं होतं.

"अहो, मगदूम विचारतायत," वृषालीताई कानातल्या यंत्राला म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, बघू की. काय घाई आहे?"

'बघू की, काय घाई आहे' हे प्रदीप दाभोळ्यांचं आयुष्यभराचं पालुपद होतं. पडसादने ते इतकं हुबेहूब उचललं होतं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वृषालीताई स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून खाली बसल्या होत्या.

किनाऱ्यावर उतरण्याआधी सगळ्यांना एका खोलीत रांगेने उभं केलं. तिकडच्या जमिनीत परक्या मुलखाचं एखादं बीसुद्धा जाऊ नये, म्हणून प्रत्येकाचे खिसे आणि बुटांचे तळ व्हॅक्यूमने झाडून घेत. मगदूमकाकांच्या जॅकेटातून भडंगातला शेंगदाणा निघाला आणि रांगेत हशा पिकला. काका मुद्दाम दुसऱ्या रांगेत जाऊन तोंड लपवून उभे राहिले.

"अहो!" दारातून मगदूमकाकू ओरडल्या.

खोलीत वीसेक तरी नवरे होते आणि त्या प्रत्येकाची बायको त्याला 'अहो'च म्हणत होती. पण मान वळली ती एकट्या मगदूमकाकांचीच.

शर्वरी दाराशी उपकरणांची पेटी घेऊन उभी होती. तिने हे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या.

रबरी होडीतून उतरल्यावर वृषालीताईंना आधी वास आला आणि मग आवाज. टेकडीच्या अख्ख्या उतारावर हजारो ॲडेली पेंग्विन बसले होते, काळी पाठ, पांढरं पोट, डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि सगळे एकाच वेळी ओरडत होते. वृषालीताई जागच्या जागी थांबल्या. त्यांना हा आवाज ओळखीचा वाटला. पत्र्याच्या छपराखाली चोवीस यंत्रमाग एकदम चालू असले की असाच आवाज होतो. आधी तो कानावर आदळतो आणि थोड्या वेळाने छातीत जाऊन बसतो.

"अहो, ऐकताय ना? आपली शेडच आहे ही," त्या म्हणाल्या.

"ऐकतोय की. मागाचा धोटा नीट पळतोय का बघ," कानातले प्रदीप म्हणाले. वृषालीताईंना हसू आलं.

शर्वरीने पाहुण्यांना अर्धवर्तुळात उभं केलं. घरट्यांपासून पाच मीटरच्या आत कुणी जायचं नव्हतं. ती आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगत होती, आणि मराठीत सांगताना तिचा चेहरा जरा सैल होई.

"माझे बाबा यंत्रमाग चालवायचे. शेडमध्ये दोन माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडली तरी ऐकू यायचं नाही. पण जेवायच्या वेळी माझी आई दारात उभी राहून नुसतं 'अहो' म्हणायची. बाबा पाठमोरे असायचे. तरी लगेच हात वर करायचे, आणि यायचे. माग चालवणारे सगळे विवाहित, सगळ्यांच्या बायका 'अहो'च म्हणणार. मग बाबांना कळायचं कसं? मी लहानपणी फार विचार करायचे यावर. पेंग्विनचंही अगदी तसंच आहे. त्यांना नाव नसतं. पण प्रत्येकाच्या आवाजाची एक वीण असते, आणि हजारांच्या कोलाहलात जोडीदाराला ती बरोबर सापडते. ती वीण आमचं यंत्र आता ओळखतं. आणि विणूही शकतं."

तिने पेटीतून एक खडा काढून दाखवला. ॲडेली पेंग्विन खड्यांचं घरटं रचतात आणि शेजाऱ्याचे खडे चोरतातही. हा खडा त्याच खड्यांसारखा दिसत होता, पण त्याच्या पोटात ध्वनियंत्र होतं.

"याला आम्ही बोलका खडा म्हणतो. पहिल्यांदा ठेवले तेव्हा अर्धे चोरीला गेले. आता खिळून बसवतो." लोक हसले. "मादी अंडी घालून समुद्रात खायला जाते, आणि नर उपाशीपोटी अंडी उबवत बसतो. ती परत आली की दोघं माना वर करून ओरडतात, मग तो उठतो आणि ती बसते. पूर्वी हे वेळेवर व्हायचं. आता समुद्र तापला, त्यांचं खाणं लांब गेलं, माद्यांना उशीर होतो. नर तरी किती दिवस उपाशी बसणार? एक दिवस तो उठून निघून जातो. अंडी मरतात. दुसऱ्या दिवशी ती येते, आणि घरटं रिकामं. म्हणून हा खडा मधूनमधून तिची हाक देतो. त्याला वाटतं, ती जवळच आहे. तो आणखी थोडा थांबतो, आणि तेवढ्यात ती खरंच येते. गेल्या तीन हंगामांत या टेकडीवर पुष्कळ पिल्लं वाचली आहेत."

लोकांनी हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. वृषालीताईंनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. यंत्रमागाच्या शेडमधलं एक 'अहो' इथवर येऊन पिल्लं वाचवत होतं.

"अहो, पोरगी बघताय ना?"

"बघतोय. नाक तुझं, डोकं माझं," प्रदीप म्हणाले.

पाहुण्यांसाठी आणखी एक सोय होती. प्रत्येक केबिनला एकेक घरटं नेमून दिलं होतं आणि हातात मावेल असं एक बटण. ते दाबलं की आपल्या घरट्यातला खडा हाक देई. केबिनमधल्या पडद्यावर घरटं चोवीस तास दिसे, म्हणजे गरम पलंगावर पडून कॉफी पितानाही बटण दाबता येई. वृषालीताईंना नेमून दिलेलं घरटं पायवाटेच्या अगदी कोपऱ्यावर होतं. तिथे एक नर दोन अंड्यांवर बसला होता. आजूबाजूचे भांडत होते, खडे चोरत होते. हा नुसता समुद्राकडे तोंड करून होता.

"बायको गावाला गेली आणि पोरं याच्या गळ्यात," मगदूमकाका म्हणाले.

वृषालीताईंनी बटण दाबलं. खड्यातून एक कर्कश, थरथरती हाक आली. पक्ष्याने झटकन मान वर केली, पंख फैलावले आणि आभाळाकडे चोच करून तो असा ओरडला, की वृषालीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी आलं नव्हतं. तो पुन्हा अंड्यांवर नीट बसला.

त्या दिवशी जहाजावर परतल्यावर वृषालीताईंनी ते बटण पुष्कळदा दाबलं. जेवताना दाबलं, माळ ओढताना दाबलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. बिचारा एकटा बसलाय, निदान आवाज तरी पडू दे कानावर, एवढंच त्यांना वाटत होतं. आपल्याला कानातल्या आवाजाचा किती आधार वाटतो, हे त्यांना ठाऊक होतं.

जहाज तिथे तीन दिवस नांगरून राहणार होतं. दुसऱ्या दिवशी वृषालीताई किनाऱ्यावर उतरून थेट कोपऱ्यावर गेल्या. त्या तिथे उभ्या असतानाच दोन घरटी सोडून एक मादी आली. बर्फावरून पोटाने घसरत आलेली, ओली, गुबगुबीत. ती ओरडली, घरट्यातला नर ओरडला, दोघांनी माना हलवत एकमेकांभोवती धिंगाणा घातला. मग तो उठला आणि ती बसली. दिवसपाळीचा कामगार सुटला आणि रातपाळीचा मागावर आला. सुटलेला नर मागे वळूनही न बघता समुद्राकडे तुरुतुरु निघाला.

वृषालीताईंनी आपल्या पक्ष्याकडे पाहिलं. शेजारच्यांच्या मानाने तो अर्धाच होता. छातीचं हाड कातडीतून वर आलेलं दिसत होतं. तेवढ्यात खडा आपणहून बोलला, आणि त्याने मान वर केली. काल तो उभा राहून ओरडला होता. आज त्याला नीट उठताही आलं नाही.

त्यांनी शर्वरीला बाजूला बोलावलं.

"याची बायको कधी येणार?"

शर्वरी हातातल्या पडद्यावर काहीतरी बघू लागली. आईला उत्तर द्यायचं नसलं की ती शाळेत असल्यापासून असंच करायची.

"शर्वरी, मी काय विचारलं?"

"तिच्या पाठीवर ठावठिकाणा सांगणारा टॅग होता. आपण यायच्या आधीच तो बंद पडलाय."

"बंद पडला म्हणजे?"

"इथे बिबट्या सील असतात, आई. पाण्यातच धरतात." ती घाईघाईने पुढे म्हणाली, "पण टॅग कधीकधी नुसता गळूनही पडतो. शंभर टक्के सांगता येत नाही."

"तुला काय वाटतं ते सांग."

"नाही येणार ती."

"मग हा कुणासाठी बसलाय?"

शर्वरीने घरट्यातल्या बोलक्या खड्याकडे बोट केलं.

"किती दिवस बसेल हा असा?"

"आवाज येतोय तोवर." शर्वरीने खाली पाहिलं. "एरवी एव्हाना उठून गेला असता. अंगात थोडी ताकद शिल्लक असतानाच ते उठतात. अंडी जातात, पण पक्षी जगतो, पुढच्या वर्षी पुन्हा घरटं करतो. मी मार्सेलाला सांगितलं होतं, हा खडा बंद करू या म्हणून. ती म्हणाली, जहाज निघालं की करू."

मार्सेला ही मोहिमेची प्रमुख, चिलीची बाई. स्वभावाने वाईट नव्हती. पण कोपऱ्यावरचं घरटं पायवाटेला सगळ्यात जवळ होतं. चाकाच्या खुर्चीतल्या पाहुण्यांना तेवढंच दिसे, फोटोही तिथेच छान येत, आणि जगाच्या टोकाला आलेल्या माणसांना रिकामं घरटं कोण दाखवणार?

"आणि जहाज निघेपर्यंत याच्या अंगात समुद्रापर्यंत जायची ताकद उरेल?"

"माहीत नाही," शर्वरी म्हणाली. तिला बहुधा माहीत होतं.

वृषालीताई केबिनमध्ये आल्या आणि बटण खणात टाकून बसून राहिल्या. बाहेर समुद्र लख्ख होता. त्यांना शेडची आठवण आली. प्रदीप गेल्यावर शेड बंद पडली होती. वृषालीताईंना धंदा कळत होता. सुताचा भाव, व्यापाऱ्याची नियत, कुठला माग कशाने अडतो, सगळं. शेड आपण चालवावी असं त्यांच्या फार मनात होतं. "अहो, मी सुरू करू का शेड?" असं त्या दर दोन-चार दिवसांनी विचारत, आणि कानातून उत्तर येई, "बघू की, काय घाई आहे?" मग त्या थांबत. कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. मागांवर गंज चढला. मैत्रिणींकडे जाणं सुटलं, कारण घरी बोलायला माणूस होतं. दोन वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नाही म्हटलं तरी चालेल, आणि आपण दुःखी आहोत असंही त्यांना कधी वाटलं नाही. तेच त्यांना आता सगळ्यात भयंकर वाटलं.

खरे प्रदीपही 'बघू की' म्हणायचे. पण म्हणायचे रात्री, आणि सकाळी उठून ते काम करून मोकळे व्हायचे. शेडमध्ये त्यांना हाक मारली तर ते उत्तर देतच नसत, कारण त्या आवाजात उत्तर ऐकू कुणाला येणार? ते हात वर करत आणि येत. त्यांचं सकाळचं उठणं आणि त्यांचं येणं कुठल्याही फोनमध्ये, कुठल्याही चित्रफितीत साठलेलं नव्हतं. यंत्राला मिळालं होतं ते फक्त बोलणं.

आणि मग त्यांना दुसरी एक गोष्ट आठवली. त्या ताडकन उठल्या.

शर्वरी मागच्या डेकवर खडे तपासत बसली होती.

"शर्वरी, दोन वर्षांत तुझे बाबा एकदाच 'जा' म्हणाले. या सहलीसाठी. मी नाही म्हणत होते, आणि ते म्हणाले, 'जाऊन ये गं, पोरगी बोलावतीये.' ते तू घातलंस ना त्यांच्या तोंडात?"

शर्वरीचे डोळे भरले. "हो."

"का?"

"तू माझं ऐकत नव्हतीस, आई. फोनवर दोन मिनिटं बोलायचीस आणि म्हणायचीस, ठेवते, हे बोलावतायत. मला वाटलं, त्यांचं तरी ऐकशील." तिचा आवाज फुटला. "मी तुला सोबत म्हणून ते करून दिलं होतं. तू अशी बसून राहशील असं मला खरंच वाटलं नव्हतं."

वृषालीताईंना राग आला होता. लेकीला चांगलं फैलावर घ्यावं असं वाटत होतं. पण तिच्या गार पडलेल्या बोटांकडे पाहून त्यांनी ती आपल्या हातांत घेतली.

"मला उठवायला तू त्यांचा आवाज वापरलास. इथे त्या पक्ष्याला बसवायला त्याच्या बायकोचा वापरतायत. कळ तीच की गं! ज्याच्या हातात ती, त्याने उठवावं नाहीतर बसवावं. आम्ही आपले आवाजाला मान वर करतोय."

शर्वरीने आईची बोटं घट्ट धरली. ती म्हणाली, "मीही ऐकते कधीकधी. बाबांना."

"ऐकतेस?" वृषालीताईंना हे नवीन होतं. "काय म्हणतात?"

"बघू की म्हणतात."

दोघी रडता रडता हसल्या.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या खेपेला, शर्वरीने मार्सेलाला किनाऱ्यावरच गाठलं. दोघींचं बोलणं इंग्रजीत आणि भरभर झालं. पण शर्वरीचं एक वाक्य वृषालीताईंना नीट कळलं. खडे ठेवायची परवानगी उशीर झालेल्यांसाठी आहे, मेलेल्यांसाठी नाही. मार्सेलाने कोपऱ्यावरच्या घरट्याकडे पाहिलं. मग तिने खांदे उडवले आणि ती दुसऱ्या गटाकडे चालू लागली.

"आण इकडे, मी करते," वृषालीताई म्हणाल्या. "मीच जास्त दाबलंय ते बटण."

शर्वरीने यंत्र त्यांच्या हातात दिलं. पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. वृषालीताईंनी त्यावर बोट ठेवलं आणि तो विझला.

पक्षी बसून राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मगदूमकाका आणि काकू येऊन शेजारी उभे राहिले. शर्वरीने त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

"आणि अंडी हो, वहिनी?" काका कळवळून म्हणाले. "अंड्यांचं काय?"

"जातील," वृषालीताई म्हणाल्या.

"काहीच करता येणार नाही?"

"नाही, काका," शर्वरी म्हणाली.

पक्ष्याने मान वर करून हाक दिली. वाट पाहिली. पुन्हा दिली. घरट्यातले खडे नुसते खडे होते. तो उठून उभा राहिला, अंड्यांकडे वाकला, चोचीने एक अंडं जवळ ओढलं आणि परत बसला. वृषालीताईंना वाटलं, लावावं परत यंत्र. बोट शिवशिवत होतं. एक हाक ऐकवली तर तो शांत होईल, आणि आपणही. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले.

तो दुसऱ्यांदा उठला तो परत बसलाच नाही. काही वेळ घरट्याच्या कडेला उभा राहिला आणि मग उतार उतरू लागला. हळू, झोकांड्या खात. पाच पावलं टाकी आणि थांबे. तो लांब गेला तसा एक तपकिरी स्कुआ पक्षी घरट्यावर उतरला. उघड्यावरची अंडी फोडण्यात तो पटाईत. मगदूमकाकूंनी तोंडावर मफलर ओढला. वृषालीताईंनी मान वळवली नाही. आपण केलेलं आपण पाहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि पाहताना त्यांना फार वाईट वाटलं.

पक्षी पाण्याच्या कडेला पोचला. तिथे इतर पेंग्विन घोळक्याने उभे होते, कारण पहिली उडी कुणालाच घ्यायची नसते. पाण्यात काय टपलंय ते आधी दुसऱ्याने बघावं. हा त्यांच्या मागे उभा राहिला. नंतर घोळका एकदम पाण्यात शिरला. त्यात तोही दिसला, आणि मग पाण्यावर नुसता फेस उरला.

दुपारी जहाजाने नांगर उचलला. सगळी सहल मागच्या डेकवर जमली होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी गरम सूप पीत होतं. टेकडी हळूहळू लहान होत गेली, आणि तो शेडसारखा आवाजही.

वृषालीताईंनी कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं. कठड्याला दोन्ही कोपर टेकवून त्या समुद्राकडे तोंड करून, शेडच्या दारातून मारत तशा, पोटातून ओरडल्या.

"अहो!"

डेकवर वीसेक नवरे होते. एकाचीही मान वळली नाही.

मुठीतून मात्र ताबडतोब बारीकसा आवाज आला, "काय गं? बोल की."

वृषालीताईंनी मूठ तोंडाजवळ आणली. "अहो, मी उठू का आता?"

"बघू की," प्रदीप दाभोळे म्हणाले. "काय घाई आहे?"

त्यांनी मूठ खाली घेतली. शर्वरी येऊन शेजारी उभी राहिली होती. तिने हे ऐकलं होतं. तिच्या हातातल्या पडद्यावर टेकडीचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके होते.

"आणखी बऱ्याच घरट्यांचे टॅग बंद आहेत, आई," ती म्हणाली. "त्यातल्या काही जणी वाटेत असतील, नुसता उशीर झाला असेल. काही येणारच नाहीत. कुठला आवाज बंद करू आणि कुठला चालू ठेवू? यंत्राला हाक कळते. कोण येणार आहे ते नाही कळत."

वृषालीताईंच्या मुठीत पुन्हा काहीतरी बोललं गेलं. त्यांनी मूठ उघडली नाही आणि कानालाही लावली नाही. त्या अजून पाण्याकडेच बघत होत्या, जिथे सकाळी फेस दिसला होता त्या बाजूला.

"शर्वरी," त्या म्हणाल्या, "तो पाण्यात उतरला ते मी बघितलं. पण इतके दिवस बसून राहिलेला तो. पोहता आलं असेल का गं त्याला?"